पेरूची गुटी

परवा हडपसरच्या एका रोपवाटिकेत माळ्याने ओल्या शेवाळाचं पोतं उघडलं आणि त्या मातकट वासासरशी मी थेट आमच्या कोथरूडच्या सोसायटीत जाऊन पोचले.

आवारातलं पेरूचं झाड पार्किंगसाठी तोडायचं ठरलं होतं. आईने सेक्रेटरींकडे दोन महिने मागितले. "घ्या की," ते म्हणाले. मग तिने पाच फांद्यांची बोटभर साल गोल सोलून काढली, तिथे ओलं शेवाळ लावून वर प्लॅस्टिक घट्ट बांधलं. अशी गुटी बांधली की फांदीला झाडावरच मुळं फुटतात; मग ती कापून दुसरीकडे लावायची.

पाचव्या आठवड्यात मी कॉलेजातून आले, तर तोडलेला पेरू टेम्पोत पडला होता आणि आई टेम्पोवर चढून आपल्या फांद्या शोधत होती.

"अहो, तुम्ही शब्द दिला होतात!"

"वहिनी, एका झाडासाठी केवढा तमाशा!" सेक्रेटरी हसले. जमलेले शेजारीही हसले.

मी पुढे होऊन म्हणाले, "आई, खाली उतर. लोक बघतायत."

ती उतरली. तिच्या हातातल्या एकमेव गुटीत केसाएवढी पांढरी मुळं नुकती दिसू लागली होती. कुंडीत ती आठवडाभरात वाळली. आईने पुन्हा काही लावलं नाही.

सेक्रेटरींवर मी अजून चिडते. पण दिलेला शब्द मोडणाऱ्या माणसाची सोडून मला त्या दिवशी आईची लाज वाटली, हे आठवलं की स्वतःच्याच रागाने अंगाचा तिळपापड होतो.