बुक्केवाले तात्या

तात्यांना ‘निकेल’ हा शब्द स्वच्छ उच्चारता येत होता; ते तो हट्टाने उच्चारत नसत. शेंगदाण्याच्या पातळ तेलात हायड्रोजन सोडून त्याचे वनस्पती तूप करायचे, तर निकेलची काळी भुकटी लागते. ती स्वतः खर्ची पडत नाही, पण तिच्यावाचून तेल गोठत नाही. आम्ही पदवीधर तिला उत्प्रेरक म्हणत असू. तात्या तिला बुक्का म्हणत, आणि आम्हाला रिकामटेकडे.

इंदापूर रस्त्यावरच्या आमच्या त्या कारखान्याविषयी आज दोन कथा प्रचलित आहेत. शेळगावात सांगतात, की तात्यांना निकेल चोरताना पकडले. बारामतीच्या एका निवृत्त अधिकाऱ्याने स्मरणिकेत लिहिले आहे, की एका तरुण रसायनतज्ज्ञाने शास्त्रीय पृथक्करण करून बिघाड शोधला. तो तरुण मी. दोन्ही कथा खोट्या आहेत. दुसरीत माझे कौतुक आहे, म्हणून ती मी चालू देईन असे कोणी समजू नये.

तेल उतरले, म्हणजे गोठण्याजोगे झाले, की नाही, हे तात्या अंगठ्याच्या नखावर थेंब घेऊन ठरवीत. मी तापमापक पुढे केला की म्हणत, “रावसाहेब, ते आजारी माणसाच्या तोंडात द्या. तेलाला ताप आल्याला न्हाय.” त्यांचा अंदाज वारंवार चुकत असे, हे त्यांचे भक्त सांगत नाहीत. चुकला की दोष हवेचा. आणि ती हवा नेहमी बारामतीकडूनच आलेली असे, कारण तात्या लासुर्ण्याचे.

वापरलेली भुकटी तेलातून गाळून पुन्हा घेत. एकदा गाळणीचे कापड फाटले आणि नवे येईना. तात्यांनी कुठल्याशा साखर कारखान्यातली रिकामी पोती आणून कालव्यात धुतली. परवानगी मागणे हा ज्याला अपमान वाटे, त्या माणसाने त्या दिवशी मला विचारले, “ही लावू का?” मी पुस्तकातून मान वर न काढता म्हणालो, “लावा.”

त्यानंतर चार दिवस तेल पाण्यासारखे पातळच राहिले. मी परीक्षानळ्या भरल्या, ओतल्या. काही सापडले नाही. पाचव्या दिवशी मॅनेजरांनी मला बोलावून माझ्या बडतर्फीचे पत्र वाचायला घेतले. पहिली ओळ संपते न संपते तोच तात्या आत आले, हातातला गोणपाटाचा तुकडा त्यांनी टेबलावर धरला आणि काडी लावली. निळसर ज्योत उठली. मॅनेजर खोकून लाल झाले.

“गंधक हाय,” तात्या म्हणाले. “साखर पांढरी कराया जाळत्यात, त्याचीच ही पोती. पोत्यातनं तेलात उतरला न् बुक्का मेला.”

“पोती आणली कोणी?”

“मी.”

“आणि लावायला सांगितली कोणी?”

तात्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्या विझत्या तुकड्याकडे पाहत होतो.

“मला सांगनारा अजून जन्माला याचा हाय,” ते म्हणाले.

माझ्या पत्रावरचे नाव खोडून त्यांचे घातले गेले. फाटकापाशी मी काहीतरी पुटपुटलो. तात्या म्हणाले, “बोलला असता तर दोघं बी गेलो असतो. मग तेल कोन गोठवनार, मॅनेजरचा बाप?”

नवे कापड आले, नवी भुकटी आली, तेल गोठले. त्या घाण्यातला पहिला डबा घेऊन मी लासुर्ण्याला गेलो. तात्या वांग्यांना पाणी देत होते. मी सारे काही नीट जुळवून बोलणार होतो, पण त्यांनी आधी डबा उघडला, नखाने तूप खरवडले आणि उन्हात धरले.

“दाना मोठा आलाय. थंड करताना घाई केली तुमी.”

“तात्या, हा तुमच्यासाठी आणला आहे.”

त्यांनी झाकण दाबून बसवले आणि डबा माझ्या हातात परत दिला.

“ह्ये विकायचं असतं, रावसाहेब. घरात आमी लोनी खातो.”

आणि ते पुन्हा पाटाकडे वळले.