वडिलांच्या पाठीवरची माती

परवा प्रयोगशाळेत डेअरीमागच्या मातीची पिशवी उघडली आणि आंबट ताकाच्या वासाने मला आमच्या पेठेतली तालीम आठवली. वडील तिथे वस्ताद होते. कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीत ताक, हळद, तेल, लिंबू मिसळत. एवढं खाऊन त्या मातीत कोणते जंतू जगत असतील, याचं मला आठवीत वेड लागलं होतं. मुलींना तालमीत पाऊल टाकता येत नसे, म्हणून मूठभर माती आणा असा मी हट्ट धरला. "हौद्याची माती भाईर न्यायची नसती, पोरी," वडील म्हणाले. पण दुसऱ्याच दिवशी ते अंग न धुता घरी आले आणि माझ्याकडे पाठ करून अंगणात बसले. "अंगाला लागलीया ती आपलीच की. घे खरडून." मी चमच्याने खरडून ती बाटलीत भरली. शाळेतला मायक्रोस्कोप मात्र दहावीच्या मुलांसाठी कपाटात बंद होता. "काय दिसलं गं?" वडील रोज विचारायचे, आणि मी "उद्या बघणार" म्हणायचे. बाटलीला वास सुटला तशी आईने ती फेकली. मग वडीलही विचारायचे थांबले. आता माझ्या टेबलावर मायक्रोस्कोप आहे. तालमीत मॅट आली, वडील गेले. तरी काचेवर माती पसरून डोळा लावला, की पाठीमागून कोणी विचारेल म्हणून मी क्षणभर थांबते.