कोठडीतला उपास

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. पहिला राग येतो तो माझा मलाच, बाकीच्यांची पाळी नंतर.

निजामाची अमदानी होती. मुरुम भागातल्या एका ठाण्यावर मी अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. सगळं दप्तर उर्दूत. हाताखाली एक जमादार आणि सहा जवान. जमादार मुसलमान, पाच वक्ताचा नमाजी, वयानं माझ्याहून वडील. एके सकाळी जवळच्या गावच्या देशमुखाचा माणूस इत्तला, म्हणजे गुन्ह्याची वर्दी, घेऊन आला. देशमुखाच्या कडब्याची गंजी जळाली होती, तिच्या आडोशाला झोपलेला त्याचा सालगडी होरपळून मेला होता, आणि आग लावली होती म्हणे बांधाशेजारच्या शेतकऱ्यानं. बांधावरून दोघांचं वाकडं होतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक. देशमुखाच्या राखणदारानं तर त्या शेतकऱ्याला पेटता टेंभा घेऊन पळताना पाहिलं होतं! असं वाढून ठेवलेलं ताट समोर आलं आणि मी मुकाट्यानं जेवायला बसलो. पंचनामा लिहिला तोही देशमुखाच्या ओसरीवर बसून. लाज वाटते सांगायला.

शेतकरी लिंगायत होता, पन्नाशीचा, घरात कानडी बोलणारा. ठाण्यावर आणल्यावर रिवाजाप्रमाणे अंगझडती घेतली. कमरेची चंची निघाली, एक चाकू निघाला आणि गळ्यातली चांदीची लिंगाची डबी निघाली. कैदी गळ्यातल्या दोऱ्यानं फास लावून घेतो, म्हणून कोठडीत दोरा ठेवायचा नाही असा नियम. त्या नियमावर बोट ठेवून मी डबी काढून घेतली आणि मालखान्याच्या पेटीत टाकली. तो हात जोडून म्हणाला, "सायब, सगळं घ्या, एवढं ऱ्हाऊ द्या." मी ऐकलं नाही.

हा मुलूख काय मला नवा होता? लिंगायत माणूस मरेपर्यंत लिंग अंगावेगळं करत नाही आणि त्याची पूजा झाल्याबिगर तोंडात पाणी घेत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण खुर्चीत बसलं की माणूस ठाऊक असलेलंही विसरतो.

तीन दिवस त्यानं ना भाकरीला हात लावला, ना पाण्याला. मी समजलो, नाटक करतोय. इकबाल दे, म्हणजे गुन्हा कबूल कर, म्हणून मी दरडावलं. हातही उचलला. तो एवढंच म्हणे, "म्या न्हाय केलं." ओठ फुटले होते, आवाज निघत नव्हता. त्यात देशमुखाचा निरोप आला, "अजून इकबाल न्हाय? अमीनसायबाचा हात लई मऊ दिसतोय." मला चीड आली, पण ती देशमुखाची नाही, कैद्याची! माणूस किती नालायक होऊ शकतो बघा.

तिसऱ्या दिवशी दुपारची नमाज आटोपून जमादार माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "साब, रोजे में कोई जबरदस्ती पानी पिलाया तो हम पीते क्या? इसका भी रोजाच समझो. इसका देव इसको दे दो, नहीं तो मेरा पट्टा उतार लो." इतक्या वर्षांत तो माझ्याशी असं कधी बोलला नव्हता. मी चाव्या त्याच्या हातात दिल्या.

जमादारानं डबीला हात लावला नाही. पेटी उघडली आणि कैद्यालाच ती उचलायला सांगितली. ठाण्याच्या आडावर नेऊन पाणीही त्याचं त्याला शेंदू दिलं. कैद्यानं अंघोळ केली, डाव्या तळहातावर लिंग घेतलं. तीन दिवसांचा तहानलेला माणूस, हातात भरलेला तांब्या, आणि पहिली धार त्यानं देवावर धरली! तळहातावरचं तीर्थ घेतलं आणि मगच तांब्या तोंडाला लावला.

मी विचारलं, "देव तर पेटीत कुलपात होता. तीन दिवस कुणाच्या जोरावर काढलेत?" त्याला मी अहोजाहो केलं ते त्या क्षणी पहिल्यांदा.

"देवाला कसलं कुलूप, सायब? लिंग पेटीत व्हतं, शिव माज्यापाशी हितंच बसला व्हता. त्योबी तहानलेला. त्याला पाजल्याबिगर म्या कसं पिऊ?"

मरायला टेकला तरी देवाआधी घोट घेत नाही, असा माणूस झोपलेल्या गड्याला जाळेल? मी राखणदाराला बोलावून घेतलं. तोही लिंगायतच. जबानी पुन्हा घेतली, तर अक्षर न अक्षर पहिल्यासारखी. खरं सांगणारा दुसऱ्यांदा सांगताना अडखळतो, त्याला काहीतरी नवीन आठवतं. पढवलेला पोपट चुकत नाही. मी म्हटलं, "आता तुझं लिंग तळहातावर घे आणि हेच परत सांग."

त्यानं डबी उघडली आणि तशीच परत मिटली. "शिवा शिवा! नगं सायब. हे हातात धरून न्हाय बोलवत."

मग भडाभडा सगळं बाहेर आलं. सालगडी काम सोडून जाणार होता. देशमुखाचा मेहुणा दारू पिऊन गंजीशी गेला, काठीनं त्याला आडवा केला आणि कडबा पेटवून दिला. टेंभ्याची गोष्ट देशमुखानं पढवलेली होती.

राखणदाराला मुन्सफासमोर उभं करून मी शेतकऱ्याला सोडवलं. मेहुणा तोवर सोलापूरकडं, इंग्रजी मुलखात पसार झाला, तो कधीच हाती लागला नाही. देशमुखाच्या केसालाही धक्का लागला नाही. माझी मात्र लांबच्या ठाण्यावर बदली आणि जमादाराची बढती रोखली. याला म्हणायचा न्याय!

जाण्याआधी एक काम उरलं होतं. मेलेल्या सालगड्याच्या बायकोची जबानी घ्यायला मी गावकुसापाशी तिच्या खोपटावर गेलो. बघतो तर तो सुटलेला शेतकरी आधीच तिथं. जोंधळ्याचं गाठोडं दारात ठेवून गुडघ्याला मिठी मारून बसलेला.

मी बाईला मेहुण्याबद्दल विचारलं. ती फणकारली. "सकाळीच भांडला व्हता माज्या मालकाशी. तुला जित्ता जाऊ देत न्हाय म्हनला. समदं ठाव हाय मला. इचारलं कुणी?"

मी कागद काढून तिची जबानी लिहायला घेतली. ती बोलतच होती.

"तुमी येताल म्हून आठ दिस दारात बसले. कुत्रंबी फिरकलं न्हाय. मंग भवानीला म्हनलं, आई, कुणाला तरी धाड गं. तिनं ह्यास्नी धाडलं."

तिच्या नवऱ्याचा खुनी म्हणून आम्ही ज्याला कोठडीत सडवत होतो, त्याच्याकडं बोट दाखवून ती हे बोलली. तो कानकोंडा होऊन म्हणाला, "लई न्हाय, पायलीभर हाय. अजून आणतो."

त्यानंतर खुनाची वर्दी आली की मी आधी मेलेल्याच्या घरी जायचो, मग बाकी कुठं. संकटात देव येतो का, असं लोक विचारतात. येतो. त्या कोठडीत आला होता आणि त्या खोपटातही आला होता. दोन्हीकडं त्याची वाट अडवून मी उभा होतो, सरकारी पट्टा बांधून. हे मी ठाण्याच्या रोजनाम्यात लिहिलं नव्हतं, म्हणून इथं लिहितो.