दाजींचं पेट्रोल

पेट्रोल ही मोटारसायकलच्या टाकीत नुसती ओतायची वस्तू आहे, यावर आमच्या दाजींचा कधीच विश्वास बसला नाही. त्यांच्या मते ते निवडायचं असतं; लेकीसाठी स्थळ बघावं तसं, चार ठिकाणी चौकशी करून, घाई न करता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राजूरला गुरांचे सरकारी डॉक्टर होते. सत्तर-एकाहत्तर साल असेल. मी तिथल्याच शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि आक्काच्याच घरी राहत होतो. त्यामुळे दाजींच्या मोटारसायकलवर मागे बसण्याचं आणि त्यांचं पेट्रोलपुराण ऐकण्याचं भाग्य बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला यायचं.

गावोगावच्या पेट्रोलचे स्वभाव त्यांनी ठरवून टाकले होते. आमच्या तालुक्याच्या अकोल्याचं पेट्रोल उथळ; लगेच पेट घेतं पण चढावर साथ सोडतं. संगमनेरचं समंजस. नगरचं चांगलं, पण त्याला जरा गर्व आहे. शिवाय पेट्रोल भरायचं ते भल्या सकाळीच, कारण तेव्हा ते गार असतं आणि अंग धरून असतं. उन्हाचं भरलेलं पेट्रोल म्हणजे निम्मी वाफ, असं ते मला इतक्या कळकळीनं सांगत की मलाही दुपारी पंपाकडे बघवत नसे. माझ्या शाळेतला टिपकागद त्यांच्या खिशात कायम असायचा. पंपावर गेलं की आधी त्यावर एक थेंब टाकायचा, तो उडून जाईपर्यंत कागद उन्हात धरायचा, आणि मागे जरासं जरी कडं उमटलं तरी "भेसळ" एवढंच म्हणून गाडी वळवायची. मग पोटभर हुंगणं वेगळंच. एकदा संगमनेरच्या पंपावरचा म्हातारा माणूस वैतागून म्हणाला, "डॉक्टर, हे गाडीत टाकायचंय का तीर्थ म्हणून वाटायचंय?" दाजींनी डोळे मिटलेले होते. ते तसेच ठेवून ते म्हणाले, "जरा थांबा. अजून वास उलगडतोय."

आक्का म्हणायची, "माझ्या भाजीला फोडणी आहे की नाही हे यांना कळत नाही, आणि पेट्रोलचा वास उलगडतो!"

पण खरं सांगायचं तर त्या वेडात मला गोडी वाटायला लागली होती. उतार लागला की दाजी इंजिन बंद करत आणि गाडी नुसती सोडून देत. भाताची कापणी झालेली असायची, पेंढ्याचा वास यायचा, वळणावर भंडारदऱ्याचं पाणी दिसून पुन्हा डोंगराआड जायचं. आम्ही दोघं कुणीतरी ढगात बसवून दिल्यासारखे खाली तरंगत यायचो. मग तळाशी ते गाडी हलकेच चालू करत आणि मान तिरकी करून म्हणत, "ऐका मेव्हणे."

"काय ऐकू?"

"ती झोपेत बोलल्यासारखी बोलतीय. चांगलं पेट्रोल मिळालं की तिलाही स्वप्नं चांगली पडतात."

त्या दिवशीही सकाळी ते अकोल्याला पेट्रोल भरायला गेले होते. टिपकागदावर पुसटसं कडं उमटलं. तसेच परत आले. उद्या संगमनेरला जाऊ म्हणाले. दुपारी आम्ही जेवून उठतो तोच धरणापलीकडच्या वाडीतून एक शेतकरी धापा टाकत आला. डोंगरातून चालत आला होता बिचारा.

"डॉक्टर, गाय अडलीय सकाळधरनं. वासराचा एकच पाय भाईर हाय. एकुलती एकच गाय हाय वो मपली."

दाजींनी पिशवी उचलली. त्या माणसाला मागून येणाऱ्या एसटीने यायला सांगून आम्ही निघालो. रंध्याच्या धबधब्यापुढे गाडी आचके द्यायला लागली. दाजींनी ती लगेच बंद केली, उतरले आणि टाकीला कान लावून गाडी हलवून पाहिली. रिझर्व्हचं जेमतेम पेलाभर उरलं होतं. अजून सात-आठ मैल जायचं होतं. दाजींचा असा पांढराफटक चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

रस्त्याच्या कडेला एकच घर होतं. दारात एक म्हातारी नाचणी पाखडत बसली होती. दाजी तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "आजी, थोडं राकेल मिळेल का?"

राकेल! ज्यांनी टिपकागदावरच्या कड्यापायी सबंध पंप नाकारले, त्यांनी राकेल मागितलं. मी दुसरीकडे बघू लागलो.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. आत गेली आणि रेशनच्या राकेलची बाटली घेऊन आली. बाटली जवळजवळ भरलेली होती.

"सगळं नको आजी. दिवा कशावर लावाल?"

"मपल्या घरात मला दिवा कशाला? चाळीस वर्सं झाली, भिंती काय जागा सोडत्यात व्हय? घाल तू. गाय वाट बघतीय."

दाजींनी बाटली टाकीत उपडी केली. वीसेक किका मारल्यावर गाडी खोकत चालू झाली. मागे पांढरा धूर, पुढे ठोके मारणारं इंजिन, आणि दाजी तिच्या टाकीवर हात फिरवत पुटपुटत होते, "चल बाई, आज एवढं सोस."

पोहोचलो. दाजी बाह्या सारून खांद्यापर्यंत हात आत घालून तासभर झुंजले. मुडपलेला पाय सरळ झाला आणि कालवड बाहेर आली, जिवंत. गाय वळून तिला चाटायला लागली तेव्हा दाजी मातीतच बसले. परत यायला धरणाच्या ऑफिसातल्या जीपड्रायव्हरने लिटरभर पेट्रोल दिलं. दाजींनी ते न हुंगता टाकीत ओतलं.

दुसऱ्याच दिवशी राकेलच्या दोन बाटल्या घेऊन ते म्हातारीकडे जाऊन आले. आणि त्यानंतर त्यांनी पेट्रोल निवडणं सोडलं. समोर येईल त्या पंपावर, भर उन्हात, काही न बघता भरायचे. आक्काला हायसं वाटलं. मलाही वाटायला हवं होतं. पण मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. एका दुपारी न राहवून मी विचारलं, "दाजी, आता वास नाही घेत?"

ते गाडी पुसत होते. पुसता पुसता थांबले.

"त्या बाईनं निवडून नाही दिलं हो मेव्हणे. होतं ते दिलं. मला मात्र सकाळी अकोल्यात मिळत होतं."

पुढे त्यांची पाथर्डीकडे बदली झाली. सामान ट्रकने गेलं, आक्का एसटीने गेली, आणि दाजी एकटेच मोटारसायकलवर निघाले. मी रस्त्यापर्यंत पोचवायला गेलो. उतारावर त्यांनी इंजिन बंद केलं नाही. आवाज वळणापर्यंत ऐकू आला, मग डोंगराआड गेला. तरी मी थोडा वेळ तिथंच उभा राहिलो.