चार वॉटची उष्णता

या ग्रुपवर कुणी आपला गूढ अनुभव लिहिला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो — वायरिंग कुणी तपासलं होतं का? त्यामुळे आज स्वतः लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय.

शहराबाहेर राऊ गावात माझ्या मोठ्या भावाचं घर. दादाच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. नंतर आवाज राहणार नव्हता, म्हणून त्यानं आधीच एक लांब रेकॉर्डिंग करून ठेवलं, वहिनींसाठी. पुढे तीन महिन्यांत तो गेला. ते ऐकायचं धैर्य यायला वहिनींना वर्ष लागलं, आणि तोवर ते ज्यात साठवलं होतं ती एसएसडी ड्राइव्ह बिघडली होती. दुसरी कॉपी नव्हती.

विजय नगरच्या एका रिकव्हरीवाल्याच्या पाटीवर 'डेटा के डॉक्टर' लिहिलं होतं. डॉक्टरांनी हात जोडले. "भिया, गई समझो. तीन मिनिटात तापते अन् गायब होते."

मग एका रविवारी दुपारी मीच वहिनींच्या डायनिंग टेबलाशी बसलो. ड्राइव्ह किती वीज ओढते ते दाखवणाऱ्या यूएसबी मीटरवर चार वॉट. लॅपटॉपवर तिचं तापमान भराभर चढायचं आणि चौऱ्याऐंशी अंशांना ड्राइव्ह नाहीशी व्हायची. फाइल एकच, वाचन मुंगीच्या गतीनं. अर्धवट आलेली फाइल उघडत नव्हती, दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. पंखा लावला, बर्फाची पिशवी ठेवली... मिनिटभर जास्त मिळालं, इतकंच.

"भाऊजी, ओली पट्टी ठेवू का?"

"पाणी गेलं तर उरलंसुरलंही जाईल, वहिनी."

"मग नुसता हात ठेवते. मशीन बुरा तो नहीं मानेगी?"

"चटका बसेल."

"बसू दे."

त्यांनी तळवा ठेवला. तापमान एकेचाळीसवर थांबलं. मीटर मात्र चार वॉटच दाखवत होता — वीज आत जात होती, तिची उष्णता कुठेच दिसत नव्हती. सव्वीस मिनिटं त्यांनी हात हलवला नाही. फाइल पूर्ण उतरली. उघडून पाहिली, दादानं घसा खाकरला, आणि मी लगेच थांबवलं. ते माझ्यासाठी नव्हतं.

वहिनींचा हात अजून तिथेच होता.

"आता बंद केलं तर त्यांना त्रास नाही ना होणार?"

काहीही पुरावा नसताना मी "नाही" म्हणालो आणि केबल काढली. मग त्यांनी हात उचलला. तळवा साधा लालही झालेला नव्हता.

पुढच्या रविवारी मी माझा हात ठेवून पाहिला. तिसऱ्या मिनिटाला फोड आला, ड्राइव्ह गायब. त्यानंतर ती लॅपटॉपवर पुन्हा कधीच दिसली नाही. चार वॉट, सव्वीस मिनिटं... ती उष्णता कुठे गेली, मला आजही सांगता येत नाही.