आक्काच्या खुराड्याला इन्सुलेशन

"दार कुणी उघडं टाकलं?" मी अंगणातूनच ओरडलो.

समोर आक्काचं खुराडं होतं. मीच बांधून दिलेलं. दार वीतभर उघडं होतं आणि आत कोंबड्या शिंकत होत्या.

माझा जन्म कोल्ड स्टोरेजच्या धंद्यात गेला. लोणी, चीज, आइस्क्रीम ठेवायच्या थंड खोल्या उभ्या करायच्या आणि सांभाळायच्या. या धंद्यात उघडं दार म्हणजे महापाप. त्यामुळे दार उघडं दिसलं की मी आधी ओरडतो, विचार मागून येतो.

आक्का माझी थोरली बहीण, मुरगूडला असते. आदल्या थंडीत तिच्या कोंबडीची पिल्लं मेली. थंडीनंच मेली, असं तिनं ठरवून टाकलं.

"बाळू, जगाला बर्फाच्या खोल्या बांधून देतोस. माझ्या कोंबड्यास्नी एक उबदार खोली बांध की."

दाजी, म्हणजे तिचे मालक, हसले. "पावणं, कोंबडीला देवानं पिसं दिल्यात. आन् हितं कुठं बर्फ पडतोय?"

"मग तुमी रातीला दोन वाकळा कशाला घेताय?" आक्का म्हणाली.

इन्सुलेशन म्हणजे उष्णता आरपार जाऊ न देणारा थर. तो कुठं हवा, किती हवा, आत काय ठेवणार, हे मी प्रत्येक क्लायंटला विचारत आलो. बहिणीला विचारलं नाही. आपल्याकडची थंडी बेताची, छपराचा पत्रा खरा तापतो तो चैत्रात, हे मला कळत होतं. पण आक्कानं कौतुकानं मागितलं आणि मी फुगलो. भिंतींना आणि छताला आतून थर्मोकोल लावला. फटी सिलिकॉननं बुजवल्या. कोंबड्यांनी थर्मोकोल भडंगासारखा टोचून खायला सुरुवात केली, म्हणून त्यावर जाड प्लास्टिक ठोकलं. खोली हवाबंद झाली. लोणी ठेवलं असतं तर एकदम फर्स्ट क्लास.

थोड्याच आठवड्यांत आक्काचा फोन आला, "कोंबड्या शिंकाय लागल्यात, लगेच ये." मी गेलो आणि दार बघून ओरडलो, ते वर सांगितलंच.

दाजी पुढं आले. "मीच इसरलो. सकाळी च्या घिऊन ह्यांच्यात बसतो जरा. उठताना दाराचं ध्यान ऱ्हात न्हाय."

"बघा! पोरागत जपलेल्या कोंबड्या!" आक्का भडकली. शेजारच्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

मग मी वाकून आत डोकं घातलं. नाकात एकदम तिखट झणका गेला, डोळ्यांत पाणी आलं. अमोनिया. मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये गारवा तयार करायला हाच वायू वापरतात. लीक झाला की आमची माणसं हातातलं टाकून बाहेर पळतात. तो वास मी झोपेतही ओळखेन. इथं तो विष्ठेतून सुटत होता आणि त्याला बाहेर जायला वाट नव्हती. कोंबड्यांच्या श्वासाची वाफ प्लास्टिकवर थंड होऊन थेंब थेंब गळत होती, त्यानं विष्ठा आणखी ओली होत होती. आत येणारी चांगली हवा तेवढी दाजी विसरलेल्या दारातून.

"काय झालंय?" आक्कानं विचारलं.

मला सगळं कळलं होतं. पण मघाशी एवढा ओरडलो होतो. बायका बघत होत्या.

"दारातनं गार वारं लागलं," मी म्हणालो.

मग 'किरकोळ दुरुस्ती' म्हणून मी भिंतींचा आणि छताचा थर्मोकोल, प्लास्टिक, सगळं काढलं. छताखाली लांब फट ठेवून जाळी बसवली. उन्हाळ्यासाठी पत्र्यावर उसाचं पाचट पसरलं. कोंबड्या बऱ्या झाल्या. श्रेय मिळालं बंद दाराला. आक्कानं कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली. दाजींचा चहा ओट्यावर आला. ते जाळीतून दाणे टाकायचे आणि आलेल्यागेलेल्याला स्वतःच सांगायचे, "माझ्यामुळं आजारी पडल्या बिचाऱ्या." काही वर्षं मी ते ऐकून घेतलं आणि चहा पिऊन परत आलो.

परवा दिवाळीला गेलो तेव्हा दाजी पुन्हा तेच सांगू लागले. मी ताट बाजूला सारलं. दोघांना बसवलं आणि सगळं सांगितलं.

दाजी माझ्याकडे वळले. "म्हंजे पावणं, मी इसरलो म्हणून कोंबड्या जगल्या?"

"व्हय दाजी."

"आन् मी एवढी वर्सं ह्यांच्यावर उगंच वराडत हुतो व्हय?" आक्का म्हणाली.

"उगंच कसं?" दाजी म्हणाले. "तुझा आवाज चांगला ऱ्हायला की."

आक्का हसली नाही. तिनं कनवटीची किल्ली काढून दाजींच्या हातात ठेवली. मग माझ्याकडे वळली. "बाळू, माझं काय न्हाय. ह्यांच्या पाया पड."

पडलो. दाजींनी मला उठवायची घाई मुळीच केली नाही.

तर आता धंद्यातला सल्ला. आपल्या हवेत खुराड्याच्या भिंतींना इन्सुलेशन लागत नाही. छप्पर तापू देऊ नका, जमीन कोरडी ठेवा, वरून हवा खेळू द्या. लोण्याला श्वास लागत नाही, कोंबडीला लागतो. आणि ओरडायचंच असेल, तर आधी आत डोकं घालून वास घ्यावा.