खाला आणि भुरी टेकडी

खालाला साप दिसला तर ती काठी शोधायची, पळायची नाही. गल्लीतल्या एका दारुड्याला तिने बकरीच्या दाव्याने चोपलं होतं. पण भुऱ्या टेकडीवर कुणी हाक मारली, की हीच बाई दोन्ही कान झाकून घ्यायची.

बीबी गावाहून आमच्याकडे येताना ती टेकडी उजवीकडे दिसते. लोणारचं सरोवर बघायला दुनिया येते. हिच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही. वर झाड म्हणून नाही. नुसतं कुसळी गवत, काळे धोंडे आणि कानात शिरणारा वारा. खाला म्हणजे मावशी, पण ती आमच्या शेजारची. तिच्या आणि आमच्या बकऱ्या एकत्रच चरायच्या, म्हणून सुटीत मी तिच्यासोबत जायचे.

चढ लागायच्या आधी ती दरवेळी बजावायची, "पयली हाक टेकडीची, दुसरी माणसाची. पयलीले ओ द्याची नाही, समजलं काय वं?" तिचा धाकटा भाऊ लहानपणी अशाच एका हाकेला ओ देत वर गेला, तो परत आलाच नाही. मी हसले तर टपली बसायची. तिच्या या धाकामुळे आमच्याकडे सगळेच दोनदा हाक मारत, अगदी जेवायला बोलावतानासुद्धा.

एका भादव्यात भर दुपारी ढग टेकडीवर उतरले. चुकार बकरीमागे मी पलीकडच्या उतारावर गेले आणि माझा पाय दोन धोंड्यांत अडकला. "खाला!" मी ओरडले. दुसरी हाक मारणार तोच समोरचं गवत हललं. लांडगा होता. माझी वाचाच बसली. खाला आता येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

ती आली. डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर दुआ, हातातली काठी धोंड्यांवर आपटत. त्या आवाजाने लांडगा पसार झाला. तिने त्याला पाहिलंही नसावं. तिने माझा चेहरा चाचपून बघितला आणि मटकन खाली बसून रडायला लागली.

पाय सोडवून उतरताना मी विचारलं, "म्या त एकच हाक मारली. मी हाये हे तुले समजलं कसं?"

"कुठं समजलं! मले वाटलं, टेकडीच बोलावून राह्यली."

"मंग आली काऊन?"

"अन् तू असती त?"

खाला गेली, त्याला वर्ष होत आलं. त्या टेकडीची भीती मला अजून वाटते. पण इतकं भिऊनही माझ्यासाठी धावत येणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.